आपलं दार, आपला पाट

स्वातंत्र्य ही काय खानदेशाला नवी गोष्ट नाही. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 1936 साली आपल्या फैजपूरला झालं. 1942 च्या सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याच्या सोबतची पोरं तिरंगा घेऊन गोळीला सामोरी गेली. शाळेतली पोरं ती. मिळालेलं स्वातंत्र्य वापरायचं कसं, हे शिकायची वेळच आली नाही त्यांच्यावर. तो अवघड भाग तुमच्या-आमच्या वाट्याला आलाय, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

सुरुवात घरच्या लग्नापासून करा. मांडव गल्लीत टाकायचा, तोही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मोटरसायकल जाईल एवढी फट ठेवली तर लोकांना वाटतं यांची ऐपत कमी. कोणी अडलाच आणि कुरकुरला, तर तो तोंड उघडायच्या आत आपण विचारायचं, “रस्ता तुना बापना शे का?” या प्रश्नाचं उत्तर दोघांसाठी सारखंच असतं. म्हणून जो आधी विचारतो, रस्ता त्याचा होतो.

हळदीच्या रात्रीचा डीजे हा जरा अभ्यासाचा विषय आहे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम म्हणतात, रात्री 10 ते सकाळी 6 भोंगे बंद; वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आता 55 म्हणजे काय? आपल्याकडे नाना ओट्यावर बसून समोरच्या आबांना “चहा झाला का?” विचारतात तेव्हाच ही मर्यादा मोडते. तेव्हा एवीतेवी मोडायचीच आहे, तर बारा बेस लावूनच मोडा. दवाखान्यापासून 100 मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथून वरात नेताना गाणं निदान ओळखीचं वाजवा, पेशंटला बरं वाटतं. शेजारची पोरगी दहावीच्या पेपराचं सांगत आली तर तिला नाचायला ओढा. आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच तर विषय डेसिबलवरून धर्मावर न्या: “आमचंच दिसतं का तुम्हाला?” डेसिबल मोजायला यंत्र लागतं, धर्माला काहीच लागत नाही. ही युक्ती सगळ्या धर्मांना सारखीच लागू पडते. सर्वधर्मसमभाव मी तरी एवढाच पाहिलाय.

गुटख्याचं काय सांगायचं? 2012 पासून राज्यात बंदी आहे, त्यामुळे भिंतीवर दिसतं ते काहीतरी वेगळंच असणार.

खरी परीक्षा पाण्याची. पांझरेकाठी, साक्रीकडे, आपल्या वाडवडिलांनी काही शतकं फड पद्धत चालवली. बिचाऱ्यांना स्वातंत्र्य कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. नदीवर बंधारा, त्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. वावर माझं, पण ऊस लावू की गहू, हे ठरवायचं सगळ्यांनी! पाणी वाटायला नेमलेला पाटकरी देईल तेव्हा आणि देईल तेवढं. पाटाचं पाणी वावरात घ्यायला स्वतःच्या हाताने बारं फोडायची सोय नाही. हंगामाआधी पाटातला गाळ सगळ्यांनी काढायचा. पाऊस कमी झाला तर एखादा फड पडीत, आणि त्यात श्रीमंताचं वावरही पडीत. असल्या गुलामगिरीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली आणि वर पाटाच्या शेवटच्या वावरालाही पाणी पोचवत राहिली. कीव येते.

तुम्ही मोकळे आहात. कालव्याचं आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं आणि तुमचं वावर सुरुवातीला असलं, तर रात्री पाटात डोंगळे, म्हणजे पाणी ओढून घ्यायचे पाइप, टाका. चारीचं, म्हणजे कालव्यातून निघालेल्या छोट्या पाटाचं, दार जरा वर उचलून खाली दगड ठेवा. दगड कोणाचा हे आजवर कोणत्याही पंचनाम्यात सिद्ध झालेलं मी ऐकलं नाही. केळीला भरपूर पाजा, विहीर भरून घ्या, उरलं तर बांधावरच्या बाभळीलाही द्या, मुक्या जिवाचा आशीर्वाद लागतो. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, माणसाने काय करायचं ते टेलचा माणूस बघेल. त्यालाही धीर धरायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. (आमचं वावर टेलला आहे. हेडला असतं तर हा लेख मी लिहिला नसता, हे इथेच कबूल करून टाकतो.)

कोणी राज्यघटना काढली तर घाबरू नका. हक्क 1950 साली आले आणि मूलभूत कर्तव्यं 42 व्या दुरुस्तीने 1976 साली. मधली 26 वर्षं नुसत्या हक्कांची. माणसाला आपला काळ निवडता येत असेल तर आपण त्या 26 वर्षांतच राहायला काय हरकत आहे?

एक मात्र पाळा, खानदेशाचं नाव जाऊ देऊ नका. भर मे महिन्यात, पारा 45 वर असताना, टेलचा एखादा आप्पा सात-आठ किलोमीटर सायकल हाणत तुमच्याकडे येईल. आवर्तन संपलं, चारी कोरडीच राहिली, एवढंच त्याला सांगायचं असेल. त्याला ओट्यावर उभं ठेवू नका. खाट टाका, पंखा लावा, शेवभाजीचा आग्रह करा. पण बोलायला सुरुवात करायच्या आधी माठातल्या गार पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्या.

तेवढं पाणी त्याच्या हक्काचं.