विमान त्यांचं, भांडण आपलं

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत विमानाचा विषय निघालाय. "तुमच्या अमेरिकेला इतक्या वर्षांत प्रेसिडेंटची दोन विमानं बदलता येईनात, आपल्या राष्ट्रपती-पंतप्रधानांची बघ कशी झटक्यात आली." गंमत म्हणजे २०२० साली हेच लोक याच विषयावरून एकमेकांच्या उरावर बसले होते. ८४०० कोटींचं विमान कशाला, तेवढ्यात सीमेवरच्या जवानांसाठी कितीतरी घेता आलं असतं असं राहुल गांधी म्हणाले, सरकारकडून उत्तर आलं की प्रक्रिया २०११ ला तुमच्याच काळात सुरू झाली, आणि आमच्यातले दोघं ग्रुप सोडून गेले. सगळे मोदींचं विमान, मोदींचं विमान करत होते, पण पहिला प्रवास केला राष्ट्रपती कोविंदांनी, चेन्नईला, तिरुपतीच्या दर्शनाला जाताना. ते आता कोणालाच आठवत नाही.

बरं आपलीही काही वेळेवर आली नव्हती, जुलैची ऑक्टोबर झाली. आणि तीही बोईंगचीच, एअर इंडियाच्या ताफ्यातली दोन ७७७ इकडे अमेरिकेत पाठवून बदलून घेतलेली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मी ऑस्टिनला असतो, गाडीने दीडएक तासावर सॅन अँटोनियो, तिथे बोईंगने ही नवी एअर फोर्स वन, म्हणजे प्रेसिडेंटची विमानं, बदलायला घेतली. दोन्ही ७४७-८ मुळात ट्रान्सएरो नावाच्या रशियन एअरलाइनसाठी बनवलेली, ती एअरलाइन बुडाली आणि विमानं वाळवंटात पडून राहिली. सध्याची १९९० पासून उडतायत म्हणून बदलायचं ठरलं, तर डिसेंबर २०१६ मधे ट्रम्पनी ट्वीट केलं की खर्च चार अब्ज डॉलरच्या वर चाललाय, ऑर्डर कॅन्सल करा! मग घासाघीस करून २०१८ ला ३.९ अब्जांचं फिक्स्ड प्राइस कॉन्ट्रॅक्ट झालं, म्हणजे खर्च वाढला तर बोईंगने सोसायचा. पहिलं विमान २०२४ अखेर मिळणार होतं. मग आतली सजावट करणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, वायरिंगचे घोळ झाले, सिक्युरिटी क्लिअरन्सवाली माणसं मिळेनात (त्यासाठी नागरिकत्व लागतं, आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, तेव्हा आमचा काही उपयोग नाही), आणि बोईंगला दोन अब्जांच्या वर खड्डा पडला. त्यांचे तेव्हाचे सीईओ कॅल्हून २०२२ ला कबूलच करून बसले की ही जोखीम घ्यायलाच नको होती.

अर्थात तुलना तशी चुकीची आहे. आपल्या विमानांवर क्षेपणास्त्रापासून बचावाची यंत्रणा आहे, पण यांना अणुयुद्ध चालू असताना हवेतून देश चालवायचाय, ते काम दोन वर्षांत होणारं नाहीच.

मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडे सगळं भांडण आकड्यावर, ८४०० कोटी जास्त की कमी, आणि विमान उतरलं की भांडण पण संपलं. करारात काय लिहिलंय हे विचारलंच नाही कोणी. इथे जीएओ, म्हणजे साधारण आपल्या कॅगसारखी संस्था, उशीर किती आणि का ते रिपोर्टात लिहिते आणि कोणीही वाचू शकतं. आता हे वाचून विमान लवकर येतं असं नाही, ते दिसतंयच.

आणि मग २०२५ ला कतारने ७४७ भेट दिलं, किंमत म्हणे ४० कोटी डॉलर. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे ठीक, पण ही गाय आधी पूर्ण खोलून आत कोणी काही लपवलंय का ते बघायचं आणि मग परत बांधायची, आणि तो खर्च बोईंगचा नाही, टॅक्स भरणाऱ्यांचा, म्हणजे त्यात माझाही आला. फिक्स्ड प्राइसची फुशारकी तिथेच संपली.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी विचारलं की आपल्या विमानांना तीन महिने उशीर झाला त्याचा दंड कोणी भरला, माहितीय का कोणाला? दोन तास सगळे गप्प. मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं.