६२ वर्षांनी उघडणारी फाईल

कोणती माहिती नाकारता येते हे सांगणाऱ्या माहिती अधिकार कायद्याच्या ८ व्या कलमाला डेटा संरक्षण कायद्याने कात्री लावली आणि वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं केलं, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, दप्तरातली वैयक्तिक माहिती परक्याला हवीच कशाला? दुसरा म्हणतो, झालं, बाबूंना आता रान मोकळं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये बसून मला वाटतं, माहिती किती वर्षं झाकायची हे दोघंही विचारत नाहीत.

अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सेवा-फायली याच शहरात असतात. सैन्यातून सुटून ६२ वर्षं झाली की फाईल कुणालाही मागता येते. तोवर पूर्ण फाईल त्या सैनिकाला स्वतःला, तो गेल्यावर बायको, आईवडील, भावंडं, मुलं यांना. नातू त्यात बसत नाही!

शेजारच्या गृहस्थांचे आजोबा दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करातून सुटलेले, त्यामुळे मुदतीची अडचण नव्हती. पण फाईलच नव्हती. १२ जुलै १९७३ ला इथे लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. त्यात १९१२ ते १९५९ मध्ये लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही.

मग आम्ही आडवाटेने निघालो. सक्तीच्या भरतीसाठी भरलेल्या कार्डावर उंची, वजन, डोळ्यांचा रंग, आणि एक रकाना : तुमचा पत्ता कायम ठाऊक असेल अशी व्यक्ती. आजोबांनी तिथे बहिणीचं नाव घातलेलं. ही बहीण नातवाला माहीतच नव्हती. भरतीच्या नोंदीत शिक्षण आणि धंदा मिळाला. १९५० ची जनगणना ७२ वर्षांच्या नियमाने २०२२ मध्ये खुली झाली, तिच्यात ती बहीण त्यांच्याच घरात राहताना सापडली. नोकरीच्या तारखा आणि शेवटची तुकडी कळली ती अखेरच्या पगाराच्या व्हाउचरवरून. हिशेबाचे कागद वेगळीकडे होते म्हणून वाचले. कारकुनांना शिव्या घालताना हे आठवावं.

आता आपल्याकडचं. माहिती अधिकाराच्या त्याच ८ व्या कलमाचं ३ रं उपकलम म्हणतं की २० वर्षांपूर्वीच्या बाबीची माहिती द्यावीच लागेल. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार, मंत्रिमंडळाची कागदपत्रं असे मोजके अपवाद सोडून. वैयक्तिक माहितीची सबब त्या अपवादांत नाही. म्हणजे मुदत आपल्या कायद्यातही आहे, आणि अमेरिकेपेक्षा बरीच उदार. ग्रुपवर हे टाकलं तर दोन्ही तट गप्प.

पण कागद असेल तर मुदतीला अर्थ. साताऱ्याकडच्या एखाद्याने पणजोबांच्या पलटणीतल्या नोकरीची चौकशी केली आणि ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं, तर तो कुठल्या कलमाखाली भांडणार? आग लागल्यावर इथल्या कार्यालयाने निदान व्हाउचरं शोधून काढली. आपल्याकडे अशा उत्तराबरोबर, ही माहिती आणखी कुठे मिळू शकेल, एवढं कळवण्याची सक्ती केली तरी पुष्कळ झालं.