पगाराचा त्याग करा, सायकल येईलच मागोमाग

अभिनंदन! बैठकीला तुम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलात, म्हणून कंपनीसाठी 'सायकल टू वर्क' योजना निवडायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. घाबरू नका. इंग्लंडातल्या एका ऑफिसात हे पुण्यकर्म मी आधीच करून बसलो आहे. अनुभव फुकट वाटतोय, घ्या.

आधी हे समजून घ्या की या योजनेत सायकल कोणी विकत घेत नाही. 1999 च्या फायनान्स ॲक्टपासून ब्रिटनमध्ये ही सोय आहे. सायकल कंपनी घेते, कर्मचारी ती भाड्याने वापरतो आणि भाडं पगारातून कर लागण्याआधीच वळतं होतं. ह्याला म्हणायचं 'सॅलरी सॅक्रिफाइस'. पगाराचा त्याग! दधीचीने हाडं दिली, तुम्ही महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी पौंड द्या. लहानपणी पुण्यात आम्ही तासावर सायकल आणायचो. दुकानदार मळक्या वहीत नाव आणि वेळ लिहायचा, आणि उशीर झाला की थेट वडिलांकडे तक्रार. इथेही तेच, वहीच्या जागी ॲप आलं आणि वडिलांच्या जागी पेरोल.

आता ही योजना कंपनीसाठी चालवणारी एजन्सी निवडा. जिची स्लाइड सर्वात हिरवी, तीच घ्या. 'कंपनीला एक पेनीचाही खर्च नाही' ही ओळ मोठ्या अक्षरात असतेच. खर्च कसला, त्याग केलेल्या पगारावर कंपनीने भरायचा 15 टक्के नॅशनल इन्शुरन्सही (पेन्शन वगैरेंसाठीची सरकारी वर्गणी) वाचतो. त्यातून निदान पंक्चरचं सामान तरी ठेवूया, असं चुकूनही सुचवू नका. मी सुचवलं होतं. एजन्सी दुकानदाराकडून किती कमिशन घेते, हेही विचारायचं नाही. मी एजन्सीचं सायकल घ्यायचं व्हाउचर घेऊन स्टेशनजवळच्या छोट्या दुकानात गेलो, तर मालकाने ते दोन बोटांत धरलं, वर पाटी लावलेल्या सेलच्या सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्या नाहीत ह्यावर." मग पूर्ण किमतीच्या सायकलींच्या रांगेकडे बोट केलं. त्याचं तरी काय चुकलं?

सायकलच्या किमतीची मर्यादा हजार पौंडांचीच ठेवा. 2019 मध्ये सरकारने सांगून टाकलं की योग्य परवानगी असलेल्या एजन्सीमार्फत त्याहून महागडी सायकलही देता येते. पण म्हणून लगेच द्यायची? धड विजेची सायकल हजारात सहसा बसत नाही. टेकडीवर राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आमच्या अकाउंट्सच्या बाई आज गाडीने येतात. उद्या त्या खरोखरच सायकलने यायला लागल्या तर?

खरी मजा कराराच्या शेवटच्या पानावर आहे, म्हणून ते कोणालाही वाचायला देऊ नका. हजार पौंडांची सायकल. 20 टक्के कर आणि 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचला, म्हणजे पडली 720 ला. माणूस खूश. वर्षभराने भाडेकरार संपतो आणि लक्षात येतं की सायकल अजून आपली नाहीच. आपली करायची तर बाजारभाव मोजा. कर खात्याच्या तक्त्यात पाचशे पौंडांवरच्या, वर्षभर वापरलेल्या सायकलीचा भाव मूळ किमतीच्या 25 टक्के. म्हणजे 250. एकूण 970. वर्षभराच्या त्यागाचं फळ तीस पौंड! त्यात एक बरं कुलूपही येत नाही. ह्यावर तोड आहे: 7 टक्के, म्हणजे सत्तर पौंड अनामत ठेवून आणखी तीन वर्षं करार वाढवायचा, तोवर तक्त्यातला भावही 7 टक्क्यांवर उतरतो आणि अनामतीतच हिशोब मिटतो. हे बहुतेक एजन्सींना ठाऊक असतं. तुमच्या माहितीपत्रकात ते बारीक अक्षरात, करड्या रंगात राहील एवढं बघा.

आणि हो, योजना 'सर्वांसाठी खुली' आहे असं ठोकून लिहा. तशी अटच आहे. फक्त त्याग केल्यावर पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. 2025 च्या एप्रिलमध्ये ते (21 वर्षं आणि वरच्यांसाठी) तासाला 12.21 पौंड झालं, आणि तेवढ्यावरच राबणाऱ्याकडे त्यागायला काही उरत नाही. 40 टक्के कर भरणाऱ्या डायरेक्टरसाहेबांची बचत मात्र नॅशनल इन्शुरन्स धरून 42 टक्के. त्यांनी योजनेतून कार्बन फायबरची घेतली. ती त्यांच्या गॅरेजात भिंतीला टांगली आहे. वापर मुख्यतः कामावर जाण्यायेण्यासाठी हवा, असा नियम आहे खरा, पण मैल कोणी मोजत नाही आणि साहेब आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करतात.

आमच्याकडे रोज, पावसातही, सायकलने येणारा माणूस एकच. पहाटे पाचला येऊन तो आमच्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या पिशव्या बदलतो. सायकल जुनी, मागचा मडगार्ड तारेने बांधलेला. तो कंत्राटदाराचा माणूस, त्यामुळे 'सर्वां'त बसत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सायकल शेडचा फोटो काढायचा होता. शेडमधले रिकामे खोके आम्ही हलवले, नवी सायकल दुकानातून तासाभरासाठी मागून आणली, रिबन लावली. फोटोग्राफर म्हणाला, ती कोपऱ्यातली जरा बाजूला घ्या. तिला कुलूप होतं. मग तिच्यावर योजनेचा बॅनर टाकला. नीट झाकली गेली.