हो गं, आणतो

मी पाण्याच्या पंपांच्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर सांगली-सोलापूरकडच्या डीलर लोकांना एकच वाक्य लिहायचं: "आपली तक्रार नोंदवली आहे, आमचा प्रतिनिधी ४८ तासांत संपर्क साधेल." तेच तेच टाइप करून बोटं झिजली तेव्हा मावसभावाने लॅपटॉपवर ऑटोहॉटकी टाकून दिलं. फुकट आहे, विंडोजवर चालतं, एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं की इंग्लिशमध्ये ओ आणि के ही दोन अक्षरं आली की अख्खं वाक्य टाक. मग स्पेस नाहीतर एंटर मारला की झालं. पहिल्या दिवशी तर मी गंमत म्हणूनच चार डीलर्सना उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी बायकोचा लॅपटॉपवरच्या व्हॉट्सअॅपला मेसेज आला, येताना कोथिंबीर आण. मी सवयीने ओके, एंटर. आता यातली मेख अशी की ज्या एंटरने वाक्य उलगडतं तोच एंटर पुढे मेसेज पाठवूनही टाकतो, मधे श्वास घ्यायला जागाच नाही. गेलं. "आपली तक्रार नोंदवली आहे, आमचा प्रतिनिधी ४८ तासांत संपर्क साधेल." तिचा रिप्लाय आला: "तिकीट नंबर?"

तर मग ठरवलं की ऑफिसात ओकेचं एक व्हावं आणि व्हॉट्सअॅपवर दुसरं, आणि दुसरं म्हणजे "हो गं, आणतो", कारण माझ्या संसारातले नव्वद टक्के मेसेज एवढ्यावर भागतात. यासाठी फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की समोरच्या खिडकीचं नाव व्हॉट्सअॅपने सुरू होत असेल तरच खालचं चालव. लिहिली. आधी तर मराठीच्या जागी नुसती भुतं उमटली, म्हणजे फाइल यूटीएफ-८ नावाच्या अक्षरपद्धतीत आणि तीही बॉमसकट, म्हणजे सुरुवातीला त्या पद्धतीची न दिसणारी खूण लावून, सेव्ह करावी लागते म्हणे. (नव्या व्हर्जनमध्ये ही भानगड नाही, ते २०२२ च्या शेवटी आलं, पण मावसभावाची स्क्रिप्ट जुन्या काळातली.) बॉम लावला. भुतं गेली. आणि तरी कधी चालायचं, कधी नाही. सकाळी सहाला व्यवस्थित "हो गं, आणतो", दहा वाजता परत "प्रतिनिधी संपर्क साधेल". दोन दिवस मी लॅपटॉपकडे संशयाने बघत होतो, मग एकदा ब्राउझरच्या टॅबवर नजर गेली. न वाचलेले मेसेज असले की व्हॉट्सअॅप नावाच्या आधी कंसात आकडा लावतं, (३) व्हॉट्सअॅप. म्हणजे नाव सुरू होतंय कंसाने! माझा नियम फक्त सगळे मेसेज वाचून झालेले असतानाच चालणार, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर सतरा माणसं आहेत, त्यात दोन निवृत्त काका, तिथे ती अवस्था पहाटेशिवाय येतच नाही.

मग सेटिंग बदललं, नावात कुठेही व्हॉट्सअॅप असलं तरी चालेल असं. इथे मी स्वतःला फार हुशार समजत होतो. पुढच्याच आठवड्यात एचआरच्या मॅडमचं मेल आलं, ऑफिसच्या कामासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप वापरू नयेत, असा काहीतरी सब्जेक्ट. आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडलं की खिडकीचं नाव म्हणजे मेलचा सब्जेक्ट. पुढचं सांगायला नको, पण सांगतो. मी रिप्लायमध्ये ओके, एंटर, आणि बोटांनी आपणहून कंट्रोल-एंटर. मॅडमना गेलं, "हो गं, आणतो". रिप्लाय टू ऑल होता.

त्या रात्री झोप येईना तर आजोबांची पोस्टकार्डं आठवली. वीतभर जागा, तिथेही सगळे शॉर्टकटच. थोरल्यांना "ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.", बरोबरीच्याला "स. न. वि. वि.", आणि आम्हा पोरांना "चि." लावून "अ. उ. आ.", म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी "क. लो. अ." उलगडायचं काम वाचणाऱ्याने आपल्या डोक्यात करायचं. चाळीस वर्षं पत्रं लिहिली त्यांनी, पण अण्णांना चुकून आशीर्वाद गेले असं कधी झालं नाही, कारण त्यांना आधी माणूस दिसायचा. माझ्या मशीनला खिडकी दिसते.

आणि ते खरंच तसंच आहे हो. नंतर मी खिडकीचं नाव सोडून प्रोग्रामचं नाव तपासायला लावलं, आउटलुक म्हणजे आउटलुक, मग सब्जेक्ट काही का असेना, मेलचा प्रश्न मिटला. पण व्हॉट्सअॅपच्या पोटात बायकोही आहे, साहेबही आहेत, गॅसवालाही आहे, आणि खिडकीच्या नावात यांतल्या कोणाचंच नाव येत नाही. साहेबांनी विचारलं, उद्याच्या मीटिंगला रिपोर्ट तयार ठेवशील ना. त्यांना "हो गं, आणतो" गेलं. साहेब भला माणूस, त्यांनी फक्त "बरं" लिहिलं. मीटिंगमध्ये मात्र रिपोर्ट दिला तेव्हा म्हणाले, "आणलास गं?"

मग मावसभावाने शेवटचा उपाय काढला, ओके टाइप केलं की छोटा मेनू उघडणार: १ घर, २ डीलर, ३ साहेब. आकडा दाबा, वाक्य हजर. म्हणजे ओ, के, स्पेस, मेनूची वाट बघा, डोळे बारीक करून कोण आहे ते आठवा, आकडा दाबा. एवढ्यात माणूस कोथिंबीर घेऊन घरी पोचतो. तीन दिवस वापरला, चौथ्या दिवशी एकाऐवजी दोन दाबला गेला, आणि बायकोला परत प्रतिनिधी. यावेळी तिने तिकीट नंबर नाही मागितला, थेट फोन केला.

आता स्क्रिप्ट बंद आहे. परवा तिचा मेसेज आला, लिंबं आण, आणि मी घाईत बोटाने टाइप केलं, "हो ग अंतो". लगेच उत्तर आलं:

"हां, आता तू आहेस. चार आण."