मधला व्हॉल्व्ह फिरवला, की सुटलो?

पाठीवर जोड टाक्या घेऊन खोल पाण्यातलं टेक्निकल डायव्हिंग शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचं सार असं: डोक्यामागे बुडबुडे ऐकू आले की विचार करू नका, दोन टाक्यांना जोडणारा मधला व्हॉल्व्ह बंद करा, अर्धा गॅस वाचला. वर यायला अर्धा पुरतोच. तो व्हॉल्व्ह पटकन बंद व्हावा म्हणून एरवीही जेमतेम उघडा ठेवा. गळती कुठल्या बाजूला आहे ते कानाने कळतं. आणि दोन टाक्या, दोन रेग्युलेटर पाठीवर असले की जोडीदार लागतो तो फोटो काढायला.

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच लिहायला बसलो. निव्वळ खोटं असतं तर कुणी ऐकलंच नसतं.

"आधी मधला व्हॉल्व्ह, अर्धा गॅस वाचला"

रचना डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक टाकीच्या तोंडावर आपापला व्हॉल्व्ह, त्याला आपापला रेग्युलेटर, म्हणजे श्वासाला गॅस देणारं यंत्र. दोन्ही टाक्यांना जोडणारी आडवी नळी म्हणजे मॅनिफोल्ड, आणि तिच्या मधोमध तिसरा व्हॉल्व्ह, आयसोलेटर. ही आडवी नळी टाकीला मिळते ती बाजूच्या व्हॉल्व्हच्या आधी, टाकीच्या अंगाला. त्यामुळे उजवा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी उजव्या टाकीतला गॅस कोंडून पडत नाही. तो आडव्या नळीतून डावीकडे येतो आणि डाव्या रेग्युलेटरमधून श्वासाला मिळतो. मॅनिफोल्ड बसवतात तो याचसाठी.

आता गळती सहसा कुठे होते? व्हॉल्व्हच्या पुढे. होज, म्हणजे गॅस नेणारी लवचीक नळी, फुटतो, थंड पाण्यात रेग्युलेटर गोठून त्यातून गॅस आपोआप वाहू लागतो, फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीला बसणारा भाग) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, सरकते. असं काही उजवीकडे झालं तर उजवा व्हॉल्व्ह बंद केला की गळती थांबते आणि उरलेला गॅस सगळाच्या सगळा तुमचा राहतो. नुसता आयसोलेटर बंद करून हायसं वाटून घेतलंत, तर जी टाकी वाचवता आली असती ती पाठीवरच्या पाठीवर रिकामी होते. या सल्ल्यात "अर्धा वाचला" म्हणतात तेव्हा अर्धा घालवलेला असतो.

आयसोलेटरला आधी हात घालणं मात्र मूर्खपणा नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांमध्येच यावर दोन तट आहेत. गळती कुठे आहे ते कळत नसेल तर आधी निदान अर्धा गॅस सुरक्षित करा आणि मग शोधा, असं एका बाजूचं म्हणणं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्यांच्या क्रमात पुढच्या पायऱ्या आहेत: संशय असलेल्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गळती थांबली का बघायचं, थांबली तर आयसोलेटर पुन्हा उघडायचा. फिरणाऱ्या सल्ल्याने पहिली पायरी उचलली आणि बाकीच्या टाकून दिल्या.

"विचार करू नका" हेही तसंच. लो-प्रेशर होज फुटला तर गॅस धो धो जातो, तिथे घाई हवीच. टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजच्या हाय-प्रेशर होजला मात्र सुरुवातीलाच सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. तो फुटला की आवाज मोठा, पण गॅस त्या मानाने हळू जातो. ओ-रिंगमधून सुटणारी बुडबुड्यांची बारीक माळ तर त्याहून संथ. तिन्हींत डाइव्ह संपलेली आहे, वर यायचंच आहे, पण तिन्हींत हात सारख्याच वेगाने मागे फेकायची गरज नाही.

आयसोलेटरचं खरं काम पडतं ते बाजूचा व्हॉल्व्ह बंद करून थांबणार नाही अशा गळतीत. टाकीच्या मानेतली ओ-रिंग, आडव्या नळीच्या टोकाची ओ-रिंग, गुहेच्या छताला आपटून मोडलेला व्हॉल्व्ह. तिथे अर्धा गॅस जाणारच, आणि उरलेला अर्धा आयसोलेटरच वाचवतो. पण अशा वेळी काय करायचं, तेही या सल्ल्यात नाही. जी टाकी गळते आहे, तिच्यातूनच आधी श्वास घ्यायचा. तो गॅस तसाही जाणार आहे. जाता जाता फुप्फुसातून गेला तर तेवढा दुसऱ्या टाकीतला वाचला. तो संपत आला की दुसऱ्या बाजूच्या रेग्युलेटरवर यायचं.

"वर यायला अर्धा पुरतोच"

कशाच्या अर्धा? १२ लिटरच्या दोन टाक्या, ४० मीटर खोली, सोबत डिकॉम्प्रेशनसाठी (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्यासाठी) ५० टक्के ऑक्सिजनची वेगळी टाकी, ती २१ मीटरवर घ्यायची. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरू. ४० मीटरवर दाब ५ बार, म्हणून तिथे गॅस पाचपट लागतो. काय बिघडलं ते समजायला २ मिनिटं, म्हणजे ३०० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने २१ पर्यंत यायला साधारण २५५. तिथे टाकी बदलायला १ मिनिट, म्हणजे ९३. एका माणसाचे जवळजवळ ६५० लिटर, दोघांचे १३००. दोन टाक्यांत मिळून हे ५५ बारला बसतात, म्हणून अशा डाइव्हला ५५ बारला तळ सोडायचाच.

गळती सुरुवातीला, १८० बारला झाली तर अर्ध्यात २१६० लिटर राहतात. पुरून उरतील. तीच ५५ बारला झाली तर अर्ध्यात ६६० राहतात. एकटे असाल तर कसेबसे पोचाल, जोडीदाराला द्यायला काही नाही. ती ऑक्सिजनची टाकीही ऐनवेळी दगा देऊन गेली तर सगळं डिकॉम्प्रेशन याच ६६० मध्ये. बेरीज करून बघा, जमत नाही.

"जेमतेम उघडा ठेवा"

याचा अनुभव माझ्या पाठीवर आहे. टाक्या भरून आल्या होत्या, भरणाऱ्याने आयसोलेटर बंद करून ठेवला होता. मी गेज पाहिलं, २०० बार, आणि उतरलो. मी तपासायला हवा होता. ६ मीटरवर सराव चालू, श्वास उजव्या रेग्युलेटरमधून, गेज डाव्या बाजूला. पंधरा मिनिटं झाली तरी काटा २०० वर. पहिल्यांदा आनंद झाला, आपण किती संथ श्वास घेतो! मग डोकं चालू लागलं. सुमारे ४३० लिटर ओढले होते. दोन्ही टाक्या जोडलेल्या असत्या तर काटा १८ बार तरी खाली यायला हवा होता. मी एकाच टाकीतून पीत होतो आणि दुसरीचं गेज वाचत होतो. ४० मीटरवर हेच झालं असतं तर उजवी टाकी आटेपर्यंत गेज मला सगळं ठीक आहे असंच सांगत बसलं असतं.

जेमतेम उघडा आणि बंद यांत हाताला फरक कळत नाही. वाचणाऱ्या एक-दोन फेऱ्यांसाठी ही जोखीम कुणी सांगितली? शिवाय बंद आयसोलेटरने गॅस मिसळून भरला तर दोन टाक्यांत दोन वेगळी मिश्रणं बसतात, आणि तपासणी एकाच बाजूची केली तर ते कळतही नाही. पूर्ण उघडा ठेवा आणि उतरण्याआधी हात लावून पाहा. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात छताला घासून पुढे सरकलात तर डावा व्हॉल्व्ह आपोआप बंदच्या दिशेने फिरतो, त्यामुळे घासल्यावर तोही हात लावून पाहा.

"कानाने कळतं"

नाही कळत. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो. दोन कानांना तो इतका एकदम पोचतो की दिशा ठरवायला मेंदूला वावच राहत नाही. सगळं डोक्याच्या मधोमध वाजतं.

"जोडीदार फोटोपुरता"

आपल्या मानेमागचं आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतं. मला पुन्हा एक डाइव्ह आठवते. मागे फुसफुस सुरू झाली. मी टॉर्च हलवून खूण केली आणि उजवा व्हॉल्व्ह बंद करून डाव्या रेग्युलेटरवर आलो. फुसफुस चालूच. उजवा बंद म्हणजे विंगमध्ये, तरंगत ठेवणाऱ्या पाठीवरच्या पिशवीत, हवा भरायचं बटणही निकामी, मी हळूहळू खाली बसत होतो. जोडीदार मागून आला, त्याने माझ्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. डाव्या बाजूचा, ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येणाऱ्या पोशाखात) हवा भरणारा होज गळत होता. उजवा उघडला, लांब होजचा रेग्युलेटर तोंडात घेतला. डावा बंद करण्याआधी गेज पाहून त्याला बोटांनी १३० दाखवलं. त्याने ते पाण्यात लिहायच्या वहीत टिपलं.

मग डावा फिरवला. बुडबुडे थांबले, आणि त्याबरोबर गेजचा काटा सरळ शून्यावर आला. बंद व्हॉल्व्हच्या पुढे अडकलेला गॅस त्या फाटक्या होजमधून निघून गेला होता आणि गेज तेवढ्याचाच दाब मोजत होतं. पाठीवर १३० बार होते आणि समोर शून्य. त्याने वही माझ्या मास्कसमोर धरली, आकड्यावर बोट ठेवलं आणि अंगठा वर केला. आम्ही वर निघालो.