घरफोडीचा पंचनामा घाईत उरकला की खटला तिथेच पडतो

चोर सापडला, माल मिळाला, पेपरात फोटो आला. काही वर्षांनी तोच आरोपी निर्दोष सुटतो आणि लोक कोर्टाला नावं ठेवतात. असे निकाल वाचा. अनेकदा दोष पहिल्या दिवसाच्या कागदात असतो. म्हणून आज फक्त पंचनाम्याबद्दल लिहितोय, आणि उदाहरण घेतोय रोजच्या घरफोडीचं.

घरात चोरी झाली की घरचे आधी काय करतात? कपाट आवरतात, विस्कटलेले कपडे उचलतात, तुटलेलं कुलूप हातात घेऊन बघतात. पोलीस येईपर्यंत निम्मा पुरावा गेलेला असतो. राहिलेला निम्मा आत शिरणाऱ्या शेजाऱ्यांच्या चपलांखाली जातो. खरं तर पहिल्या पोहोचलेल्या बीट मार्शलचं (गस्तीवरच्या पोलिसाचं) एकच काम आहे: दार अडवायचं, आत-बाहेर करायला एकच वाट ठेवायची आणि ठसे तज्ज्ञ व फोटोग्राफर येईपर्यंत कशाला हात लावू द्यायचा नाही. 'रुमालाने धरलं तर चालतं' हा समज तर पार घातक. रुमालाने आपला ठसा उमटत नाही हे खरं, पण चोराचा पुसला जातो.

तुटलेला कडी-कोयंडा हा घरफोडीतला सर्वात दुर्लक्षित पुरावा. कटावणीच्या (दार उचकटायच्या लोखंडी पहारीच्या) पात्यावर खाचा असतात, त्यांचे ओरखडे धातूवर उमटतात. पुढे आरोपीकडे कटावणी मिळाली तर न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत दोन्हींची तुलना होऊ शकते. त्यासाठी मोजपट्टी ठेवून कोयंड्याचा जवळून फोटो घ्यायला हवा, मग तो दारावरून काढून वेगळा सील करायला हवा. मिळालेली कटावणी कोयंड्यावरच्या ओरखड्यात बसवून बघायची नाही, कारण नवा ओरखडा पडला की जुन्याचा अर्थ संपतो. प्रत्यक्षात पंचनाम्यात एवढंच येतं: 'दरवाजाचा कोयंडा तुटलेला दिसला.' कोयंडा तिथेच राहतो आणि घरमालक दुपारी सुतार बोलावून नवा बसवतो.

रक्त सापडलं, खिडकीची काच फोडताना चोराला कापलं असेल, तर ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. इतकी साधी गोष्ट आजही चुकते.

सीसीटीव्हीत वेळ हा शत्रू. बऱ्याच डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) दोन-चार आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवं चढतं. शिवाय डीव्हीआरचं घड्याळ अनेकदा चुकीचं असतं. ते खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे हे पंचनाम्यात नोंदवलं नाही, तर बचावाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. चित्रणाच्या प्रतीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा प्रश्न तर आपल्या जालन्याच्याच निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या 2020 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला: मूळ यंत्रच कोर्टात येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिचा जणू ठसा असलेला आकडा) लिहावी लागते. ती प्रत घेतानाच काढायची. पेन ड्राइव्ह महिनाभर कपाटात पडून राहिल्यावर काढलेल्या हॅशला काय किंमत?

आता निवेदन पंचनामा. आरोपी 'माल काढून देतो' म्हणतो तो क्षण. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, पंचांसमोर, आधी लिहायचं आणि मग निघायचं. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. माल कुठे आहे एवढाच, शोधाकडे नेणारा भाग चालतो. 1947 च्या पुलुकुरी कोटय्या निकालापासून हे ठरलेलं आहे, तरी पानभर कबुली लिहिली जाते आणि जागेचा उल्लेख एका ओळीत. मग दागिने. फिर्यादीत 'अंदाजे दोन तोळ्यांचं मंगळसूत्र' आणि जप्तीत 14 ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर वजन करून, वाटीचा आकार, डाग दिल्याची (सांधा जोडल्याची) खूण असं काही न लिहिता नुसतं 'पिवळ्या धातूचा दागिना' लिहिलं, तर ते फिर्यादीचंच हे सिद्ध कसं करणार? ओळख परेडही तशाच इतर दागिन्यांत मिसळूनच घ्यायला हवी.

1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 105). मी याचं मनापासून स्वागत करतो. जप्तीची यादी आणि पंचांची सहीसुद्धा कॅमेऱ्यासमोर व्हायची असल्यामुळे ठाण्यात बसून पंचनामा लिहिणं अवघड झालं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर जाण्याची तरतूदही आहे (कलम 176), त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. राहत्या घरातली चोरी सात वर्षांच्या शिक्षेची असल्याने त्यात बसते. पण तेवढी माणसं आणि गाड्या लागतील. त्याशिवाय ही तरतूद कागदावर राहील.

आणि तपास अधिकाऱ्याला वेळ कोण देणार? सकाळी घरफोडीच्या जागेवर, दुपारी मोर्चाच्या बंदोबस्तात, रात्री नाकाबंदीत उभा असलेला माणूस कोयंडा सील करत बसणार नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रकाश सिंग खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करायला सांगितलं. प्रत्येक ठाण्यात तपासाची माणसं बंदोबस्तातून पूर्ण मोकळी असायला हवीत, सणासुदीलाही.

तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर जा. लेखी बोलावणं असताना विनाकारण नकार देणं गुन्हा आहे. पण कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक पान वाचा, समोर झालं तेवढंच लिहिलंय ना ते बघा, सील आणि लेबल तुमच्यासमोर लागू द्या, सहीखाली वेळ टाका.