'मत मिळालं, घरं मिळाली, मग हे कसलं अस्वातंत्र्य?'

27 एप्रिल जवळ आला की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. हा दक्षिण आफ्रिकेचा स्वातंत्र्यदिन. 1994मध्ये याच दिवशी तिथल्या सर्व वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केलं. डर्बनचे झोपडीवासी मात्र 2006पासून याच सुमारास 'अस्वातंत्र्य दिन' पाळतात. त्यावर या मजकुराचं म्हणणं असं: मंडेलांच्या देशात सगळ्यांना मत मिळालं, सरकारनं लाखो घरं फुकट दिली, तरी हे लोक अतिक्रमणं करतात, रस्ते अडवतात, कारण त्यांना बाहेरून कुणाची तरी फूस आहे. बदल हवा असेल तर मतपेटीतून घडवावा.

झोपडपट्टीबद्दल आपल्याकडेही हेच बोललं जातं, म्हणून मजकूर सहज पटतो आणि पुढे पाठवला जातो. यातलं एकेक म्हणणं तपासून पाहू.

'सरकारनं लाखो घरं फुकट दिली.'

दिली, हे खरंच आहे. सरकारी आकडा तीस लाखांच्या वरचा आहे. 1996च्या जनगणनेत झोपड्यांत राहणारी कुटुंबं 16.2 टक्के होती, 2022मध्ये ती 8.1 टक्के झाली. हे काम मोठं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण ही घरं कुठे बांधली, हे मजकूर सांगत नाही. स्वस्त जमीन मिळाली तिथे, म्हणजे शहराच्या पार कडेला. वर्णभेदी राजवटीनं काळ्या माणसाला शहराबाहेर जिथे ढकललं होतं, बहुतेकदा त्याच दिशेला. डर्बनच्या मध्यवस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिकडे घर मिळालं तर मजुरीतला मोठा वाटा टॅक्सीभाड्यातच जातो. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलच्या इमारतींत पाठवलेली कुटुंबं 'पक्कं घर मिळूनही' रस्त्यावर का उतरली, हे आपण पाहिलं आहे. पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1985मध्येच मान्य केलं होतं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माणूस कामाच्या जवळ राहतो, कारण काम सुटलं तर चूल विझते.

शिवाय अनेकांच्या वाट्याला घर आलंच नाही, आली ती 'संक्रमण छावणी': पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. थोड्या दिवसांसाठी म्हणून नेलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं राहिली.

'बाहेरून फूस आहे.'

इथे जरा थांबायला हवं, कारण हा आरोप सर्वांत जुना आणि सर्वांत घातक आहे. चळवळ सुरू कशी झाली ते पाहा. डर्बनच्या केनेडी रोड वस्तीला जवळच्याच एका जमिनीवर घरं मिळतील, असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. 2005च्या मार्चमध्ये त्या जमिनीवर बुलडोझर आले. लोकांना वाटलं, आपल्या घरांचा पाया खणायला आले. चौकशी केली तेव्हा कळलं की जमीन वीटभट्टीच्या धंद्यासाठी दिली गेली आहे. 19 मार्चला काहीशे माणसांनी सहापदरी रस्ता अडवला. 14 जणांना अटक झाली. दोनच दिवसांनी, म्हणजे देशाच्या मानवी हक्क दिनी, वस्तीनं पोलीस चौकीवर मोर्चा नेला. मागणी होती: त्यांना सोडा, नाहीतर आम्हा सगळ्यांना आत घ्या. त्याच वर्षी 'अबाहलाली बासेम्जोन्डोलो' ही संघटना उभी राहिली. झुलू भाषेत या नावाचा अर्थ 'झोपड्यांत राहणारे लोक'.

तेव्हाही सत्ताधाऱ्यांनी 'तिसरी शक्ती' हा शब्द काढला. वर्णभेदाच्या अखेरच्या वर्षांत काळ्या वस्त्यांत हिंसा पेटवणाऱ्या छुप्या हातांना तिथे हे नाव होतं, त्यामुळे हा आरोप किती जिव्हारी लागला असेल ते समजतं. संघटनेचे पहिले अध्यक्ष स्बू झिकोडे यांनी त्याला सरळ उत्तर दिलं: तिसरी शक्ती आम्हीच आहोत, आणि ती आमच्या हालअपेष्टांतून येते.

त्या हालांचं एक उदाहरण. केनेडी रोड वस्ती शहराच्या बिसासर रोड कचराभूमीला अगदी खेटून आहे. त्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूवर पालिकेनं वीज तयार केली. आणि त्याच पालिकेनं 2001मध्ये झोपडपट्ट्यांना वीज द्यायचं थांबवलेलं होतं. मेणबत्ती कलंडली किंवा रॉकेलचा स्टोव्ह भडकला की शेजारची सगळी रांग पेट घेते, लेकरं होरपळतात. अशी आग पाहिलेल्या आईला रस्त्यावर उतरायला कुणाच्या फुशीची गरज पडत नाही.

फूस लावलेली, पैशासाठी आलेली माणसं एवढी किंमतही मोजत नाहीत. डर्बनजवळच्या क्वांडेंगेझी भागातल्या संघटनेच्या कार्यकर्त्या थुली न्डलोव्हू यांना 29 सप्टेंबर 2014 रोजी त्यांच्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. या खुनासाठी 2016मध्ये सत्ताधारी पक्षाच्या दोन नगरसेवकांना जन्मठेप झाली. 2022 या एका वर्षात डर्बनच्याच ए-खेनाना वस्तीतले संघटनेचे तीन नेते मारले गेले.

'अतिक्रमण करतात, कायदा पाळत नाहीत.'

दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचं 26वं कलम सांगतं की पुरेशा निवाऱ्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही घरातून काढता येणार नाही. 2007मध्ये डर्बन ज्यात येतं त्या क्वाझुलू-नाताल प्रांतानं झोपडपट्टी निर्मूलनाचा कायदा केला. त्यातलं 16वं कलम जमीनमालकांना आणि पालिकांना लोकांना हुसकावण्याची कारवाई करायला भाग पाडणारं होतं. झोपडीवासी न्यायालयात गेले, डर्बनला हरले, तरी घटना न्यायालयापर्यंत पोहोचले. 14 ऑक्टोबर 2009 रोजी ते कलम घटनाबाह्य ठरलं. म्हणजे त्या प्रकरणात घटना झोपडीवाल्यांनी पाळली आणि मोडली ती सरकारनं.

या निकालाच्या तीन आठवड्यांहून कमी दिवस आधी केनेडी रोडवर सशस्त्र जमाव चालून आला होता. दोघांचा जीव गेला, नेत्यांची घरं उद्ध्वस्त झाली, आणि खटला भरला गेला तो संघटनेशी जोडलेल्या 12 जणांवर. 2011मध्ये ते सगळे निर्दोष सुटले.

आणि अतिक्रमण म्हणताना जमिनीचा हिशेबही मांडायला हवा. 1913च्या कायद्यानं बहुसंख्य काळ्या लोकांसाठी देशातली जेमतेम 7 टक्के जमीन राखून ठेवली, बाकी सगळीकडे त्यांना जमीन विकत घ्यायची बंदी घातली. डर्बनच्या केटो मॅनरमधून तर काळ्या आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांना 1950-60च्या दशकांत उठवलं गेलं होतं. आज त्याच केटो मॅनरमध्ये झोपडी बांधणारा 'अतिक्रमक' ठरतो.

'मतपेटीतून बदल घडवावा.'

ते मतपेटीपासून पळालेले नाहीत. 2006च्या पालिका निवडणुकीत त्यांनी 'जमीन नाही, घर नाही, तर मत नाही' म्हणून बहिष्कार टाकला, आणि तोही उघड सांगून. पुढे 2014मध्ये त्यांनी विरोधी पक्षाला पाठिंबा दिला, 2024मध्ये आणखी एका वेगळ्या पक्षाला. मात्र दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत आपली वस्ती कुठे हलवायची, नळ किती द्यायचे, जमीन कुणाला विकायची हे कोण ठरवतं, हा त्यांचा प्रश्न आहे. आमच्याविषयी बोलू नका, आमच्याशी बोला, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत. केनेडी रोडचे लोकसुद्धा रस्त्यावर उतरण्याआधी अधिकाऱ्यांबरोबर बैठकांना बसत होते, आणि जमीन गेल्याचं त्यांना कळलं ते बुलडोझर पाहून.